सोळा माणसं, आठ लाख आणि दोन सह्या

प्रश्न थोडक्यात असा. वाचक म्हापशाच्या असून पणजीत खासगी नोकरी करतात. पगार महिना ५८,००० रुपये. होणारा नवरा फोंड्याचा, त्याचा अॅल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांचा व्यवसाय आहे. वर्षाचा नफा साधारण ७ लाख २० हजार, दुकानावर ६ लाखांचं कर्ज. दोघांनाही चारशे पानांचं हॉलमधलं लग्न नको. जवळची सोळा माणसं घेऊन २७ डिसेंबरला आगोंदच्या किनाऱ्यावर शांतपणे लग्न करायचं आहे. एका इव्हेंटवाल्याने दोन रात्रींचं ६,८५,००० रुपयांचं पॅकेज दिलंय आणि निम्मी रक्कम लगेच मागितली आहे. नोव्हेंबरमध्ये मुदत संपणारी साडेपाच लाखांची एफडी मोडायची की पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज काढायचं? बाबा म्हणतात, हॉलमध्ये केलंत तर सगळा खर्च मी माझ्या निवृत्तीच्या पैशातून करतो. दोन वर्षांत पर्वरीला फ्लॅटही घ्यायचा आहे.

उत्तर: कर्ज काढू नका, एफडीही आज मोडू नका. हे पॅकेज सोडा, पण छोट्या लग्नाचा बेत सोडू नका. तुम्ही न विचारलेला एक प्रश्न या सगळ्याहून मोठा आहे, तो पुढे येतोच.

आधी कोटेशन. खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ असं आहे. १८ टक्क्यांनी १,२३,३०० रुपये वाढतात आणि आकडा ८,०८,३०० वर जातो, म्हणजे माणशी पन्नास हजारांच्या वर. माणसं इतकी कमी असताना हे का होतं? हॉलमधल्या लग्नाचा खर्च पानांवर चालतो, किनाऱ्यावरच्या लग्नाचा दिवसावर. फोटोग्राफर, मांडववाला, साउंडवाला, जनरेटर, सामान वाळूतून वाहून नेणारी माणसं, संयोजकाची फी, हे सगळे सोळा पाहुण्यांसाठी जेवढे घेतात, जवळजवळ तेवढेच दीडशेंसाठीही घेतात. पाहुणे कमी केल्याने फक्त जेवण आणि खोल्या वाचतात. खर्च खरोखर उतरवायचा तर वाळूवर काहीही उभारायचं नाही, हा एकच मार्ग.

वाळूवर मांडव घालायचा तर परवानग्या लागतात. तात्पुरत्या बांधकामासाठी गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आणि पर्यटन खातं, ध्वनिक्षेपकासाठी वेगळी परवानगी. ती मिळाली तरी रात्री दहानंतर आवाज बंद. पॅकेजवाला ‘परमिशनचं आम्ही बघतो’ म्हणतो तेव्हा विचारा, अर्ज कोणाच्या नावाने आणि पावती कुठे आहे? पावती तुमच्या हातात नसेल तर ऐन वेळी मांडव उतरवायला लागण्याचा धोका तुमच्या माथी, आगाऊ रक्कम मात्र त्याच्या खिशात. आगोंदला आणखी एक अडचण आहे. आगोंद, गालजीबाग, मोरजी आणि मांद्रे इथे थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने सरकतात, म्हणून तिथे किनाऱ्यावरच्या झगमगाटाला आणि मोठ्या आवाजाला आडकाठी असते. पॅकेजमधले ‘फेअरी लाइट्स’ नेमके तिथेच अडकतील.

तारीखही चुकली आहे. नाताळ ते नववर्ष हा गोव्यातला सर्वांत महाग आठवडा. शिवाय धनुर्मास, साधारण १६ डिसेंबर ते १३ जानेवारी, मुहूर्तच नसतात. तुम्ही मुहूर्त मानत नसाल, पण भटजी मानतात. त्या तारखेला यायला तयार झालेला भटजी आणखी दक्षिणा मागेल. फेब्रुवारीतला मंगळवार ते गुरुवार बघा. तेव्हा सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि पावसाची भीती नसते.

किनारा कोणताही असो, आधी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा, मग तारीख ठरवा. पुनव-अमावास्येच्या उधाणाला भरती दुपारी, बाराच्या आत-बाहेर येते आणि संध्याकाळी पाणी मागे जातं, ओली, कडक वाळू उघडी पडते, उभं राहायला तीच चांगली. अष्टमीच्या आसपास नेमकं उलटं, सूर्यास्ताला पाणी वर. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. अरुंद किनाऱ्यावर संध्याकाळची भरती आली तर सोळा खुर्च्यांनाही जागा उरत नाही. सुक्या वाळूत खुर्चीचे पाय एका बाजूला रुतत जातात, म्हणून आजी-आजोबांच्या खुर्च्यांखाली प्लायवूडची फळी टाकावी लागते. दुपारनंतर समुद्रावरून वारा असतो. त्यात होम पेटत राहत नाही, आणि पेटलाच तर ठिणग्या शालूवर येतात.

म्हणून माझी मांडणी अशी. विधी सकाळी तुमच्या किंवा त्यांच्या कुलदेवतेच्या देवळात करा. फोंड्यात तुम्हाला दूर जायला नको. बऱ्याच देवस्थानांच्या अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या यात्रीनिवासात, खोल्या आणि साधं जेवण वाजवी दरात होतं. दुपारी किनाऱ्यालगतच्या आठ-दहा खोल्यांच्या छोट्या जागेत जा. संध्याकाळी हार घेऊन सगळ्यांनी वाळूवर चालत जायचं, माळा घालायच्या, फोटो काढायचे, परत येऊन त्या जागेच्या आवारात जेवायचं. मांडव नाही, साउंड नाही, दिवे नाहीत. बाटल्या मात्र वाळूवर नेऊ नका, उघड्यावर पिण्याला दंड आहे.

आता आकडे. हे माझे अंदाज आहेत, तुमच्या हाती येणाऱ्या कोटेशनांनी ते बदला. आठ खोल्या, दोन रात्री, ६,००० रुपये दराने ९६,००० आणि ५ टक्के जीएसटी धरून १,००,८००. नाश्ता खोलीच्या भाड्यात. लग्नाचं जेवण माणशी १,५०० आणि आणखी दोन जेवणं माणशी ७०० प्रमाणे, कर धरून ४८,७२०. फोटोग्राफर एक दिवस ४५,०००, फुलं आणि हार १२,०००, भटजी आणि साहित्य ११,०००, दोघांचे कपडे ६०,०००, गाड्या १५,०००, वकील आणि दस्त १५,०००. बेरीज ३,०७,५२०. वर दहा टक्के हाताशी ठेवले की ३,३८,००० च्या आसपास. पॅकेजपेक्षा साधारण पावणेपाच लाख कमी.

खोलीच्या दरात एक पायरी आहे, ती जपा. ७,५०० रुपयांपर्यंत जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलात की १८ टक्के. ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते, ७,६०० ची ८,९६८ ला. दरात दोनशेचा फरक, बिलात जवळजवळ बाराशेचा. आठ खोल्या, दोन रात्री धरल्या तर एकोणीस हजार. महाग खोल्यांच्या हॉटेलात जेवणावरही १८ टक्के लागू शकतो, म्हणून बुकिंगच्या आधी ‘खोली आणि जेवण, करासह’ असा एकच आकडा लेखी मागा.

पैसे द्यायची पद्धतही ठरवा. पाव रकमेपेक्षा जास्त आगाऊ देऊ नका. तारीख बदलली तर आगाऊ रकमेचं काय, हे कागदावर हवं. ‘रोख दिलेत तर जीएसटी माफ’ असं कोणी म्हटलं तर तुमच्याकडे बिल नाही, म्हणून वादही नाही, हे लक्षात घ्या. एकाच समारंभासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बेकायदा आहे. दंड घेणाऱ्याला होतो, पण चौकशीत तुमचं नाव येतं.

पैसे कुठून? फेब्रुवारीपर्यंत आठ महिने आहेत. दोघांनी मिळून महिना २५,००० बाजूला टाकलेत की दोन लाख झाले. उरलेले १,३८,००० नोव्हेंबरमध्ये एफडीची मुदत संपली की त्यातून घ्या, मोडण्याचा दंडही नाही. एफडीत ४,१२,००० शिल्लक राहतात. त्यातले अडीच लाख अडीनडीला, बाकीचे फ्लॅटच्या खात्यात. नवऱ्याच्या धंद्यातली गंगाजळी लग्नाला लावू नका, दारं-खिडक्यांच्या धंद्यात काचेचे आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे पैसे आधी भरावे लागतात आणि गिऱ्हाईक उशिरा देतं.

वैयक्तिक कर्जाबद्दल एवढंच. पाच लाख, १४ टक्के, तीन वर्षं, हप्ता १७,०८९. व्याज सुमारे १,१५,०००. व्याज सोडा, खरा फटका दोन वर्षांनी बसेल. ८.५ टक्क्यांनी वीस वर्षांच्या गृहकर्जाला लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो. बँक तुमचा चालू हप्ता आधी वजा करते, म्हणजे लग्नाचा १७,०८९ चा हप्ता तुमच्या गृहकर्जाच्या पात्रतेतून जवळजवळ वीस लाख काढून घेतो. दोन दिवसांच्या कार्यक्रमासाठी एक खोली कमी असा तो सौदा आहे.

बाबांचं काय? हॉलचा खर्च ते करणार म्हणून तो फुकट नाही, तो त्यांच्या म्हातारपणातून जाणार. पण छोट्या लग्नात पैसे गळतात ते इथेच: आधी सोळा माणसांत लग्न, मग ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तीनशे माणसांचं रिसेप्शन. दोन्ही केलंत तर माझी वरची बेरीज फाडून टाका. त्याऐवजी लग्नानंतर म्हापशाच्या घरी सत्यनारायण ठेवा, साठ-सत्तर माणसं, प्रसाद आणि जेवण. तो खर्च बाबांना करू द्या. त्यांचं मन राहील, निवृत्तीचे पैसेही राहतील. लग्नानिमित्त मिळालेला आहेर करमुक्त असतो, पण सोळा माणसांचा आहेर जमेला धरून खर्च वाढवू नका.

आता तो न विचारलेला प्रश्न. गोव्यात लग्न कायद्याने होतं ते किनाऱ्यावर नाही, सिव्हिल रजिस्ट्रारच्या टेबलावर. लग्नाचा इरादा नोंदवणारी पहिली सही, मग हरकतींची मुदत, मग लग्न पक्कं करणारी दुसरी सही. जन्मदाखले, रहिवासी दाखले आणि साक्षीदार जमवायला वेळ लागतो, म्हणून किमान दोन महिने आधी सुरुवात करा. दुसरी सही झाली आणि त्याआधी काही वेगळं लिहिलेलं नसलं, तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे तुमची सगळी मालमत्ता सामाईक होते. आधीची, नंतरची, वारशाने येणारीही, निम्मी-निम्मी. म्हापशाच्या घरातला तुमचा वाटा त्यात आला, त्यांचं दुकानही आलं. संसाराच्या फायद्यासाठी काढलेलं कर्ज सामाईक मालमत्तेवर येऊ शकतं, म्हणजे दुकानाच्या सहा लाखांचा विचार तुम्हालाही करायचा आहे. पर्वरीचा फ्लॅट कोणाच्याही नावावर घ्या, विकताना दोघांच्या सह्या लागतील. पुण्यात घेतलात तरी सुटका होईल असं धरू नका. गोव्यात अधिवास असलेल्यांच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारशालाही हीच संहिता लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. पगारदार बायको आणि धंद्यातला नवरा असलेल्या बऱ्याच घरांत या पद्धतीने बायकोला मोठं संरक्षण मिळतं. पण ती निवडून घ्या, आपोआप लागू होऊ देऊ नका. वेगळी व्यवस्था हवी असेल, म्हणजे पूर्ण विभक्त मालमत्ता किंवा आधीची वेगळी आणि लग्नानंतरची सामाईक, तर विवाहपूर्व करार लग्नाच्या आधी नोंदवावा लागतो. नंतर बदलता येत नाही. तुमच्या परिस्थितीत मी दुसऱ्या पर्यायाकडे झुकेन: आईवडिलांकडचं घर आणि दुकान आपापलं, लग्नानंतर कमावलेलं दोघांचं. बजेटमधले १५,००० रुपये त्यासाठीच आहेत. ही बचत करायची जागा नाही. वकील मात्र संहितेत काम करणाराच पाहा.

कराचं गणितही याला जोडलेलं आहे. सामाईक मालमत्तेच्या जोडप्याचं पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न, धंद्याचा नफा, एफडीचं व्याज, भाडं, दोघांत अर्धं-अर्धं वाटून कर लागतो. जुन्या आयकर कायद्यातलं हे कलम ५-ए. त्यांच्या नफ्यातले ३ लाख ६० हजार तुमच्या विवरणपत्रात येतील. तुमचा पगार वर्षाला सात लाखांच्या जवळ, त्यामुळे नव्या करप्रणालीत दोघेही १२ लाखांपर्यंतच्या करसवलतीच्या (रिबेटच्या) आतच राहता आणि आज कर वाढत नाही. पण विवरणपत्राचा सोपा ‘सहज’ फॉर्म तुम्हाला बंद होतो, जोडीदाराचा पॅन आणि वाटणी दाखवावी लागते. वेगळी व्यवस्था निवडलीत तर ही वाटणी कशी होईल, हे करारावर सही करण्याआधी सीएला विचारा.

क्रम असा ठेवा: आधी वकील आणि करार, मग पहिली सही, मग किनाऱ्याची जागा आणि पाव रक्कम, मग दुसरी सही, आणि शेवटी देऊळ व समुद्र. दुसऱ्या सहीनंतर विवाह दाखल्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती एकदमच काढून ठेवा. एक तुमच्या ऑफिसला लगेच द्या, कारण गट आरोग्य विम्यात जोडीदाराचं नाव घालायला बहुतेक ठिकाणी थोडक्या दिवसांची मुदत असते, ती हुकली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं.