वाचकांचे प्रश्न : ‘यांचं असंच असतं’ म्हणून तपासणी राहून जाते तेव्हा

मागच्या वेळी बौद्धिक अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसांच्या तब्येतीबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. मला वाटलं फिट्स, दात, वजन असं काहीतरी येईल, पण बरीचशी पत्रं कॅन्सरबद्दलचीच निघाली. त्यातली चार घेतलीयेत, नावं सगळी काढून टाकलीत.

प्रश्न : माझा मोठा भाऊ ४८ वर्षांचा आहे. बौद्धिक अपंगत्व आहे, बोलतो पण दोन-तीन शब्दांतच. गेले काही महिने जेवताना मध्येच उठून जातो, घास तोंडात धरून ठेवतो, कधीकधी पोटावर बुक्क्या मारून घेतो. वजन उतरलंय, सगळे कपडे ढगळ व्हायला लागलेत. डॉक्टरांकडे दोनदा नेलं, त्याने पोटाला हात लावू दिला नाही, मग ते म्हणाले अशा पेशंटचं वागणं असं बदलतं कधीकधी आणि शांत राहायची गोळी लिहून दिली. गोळीने तो झोपून असतो, खाणं काही वाढलं नाही. आम्ही उगाच घाबरतोय का?

उत्तर : अजिबात उगाच नाही. हीच तक्रार घेऊन, म्हणजे घास उतरत नाही आणि काही कारण नसताना वजन कमी होतंय असं म्हणत दुसरा कुठलाही ४८ वर्षांचा माणूस गेला असता तर त्याला एंडोस्कोपी, रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी असं सगळं लिहून मिळालं असतं, तुमच्या भावाला शांत राहायची गोळी मिळाली. मी डॉक्टरांना वाईट म्हणत नाहीये, पण हे इतक्या ठिकाणी इतक्या वेळा होतं की त्यावर अभ्यास झालेत. १९८२ साली अमेरिकेत स्टीव्हन राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञांना एका घाबरणाऱ्या माणसाचं वर्णन वाचायला दिलं, वर्णन तेच, फक्त काहींना सांगितलं की याची बुद्धी कमी आहे, तर तेवढ्यावरच त्यांना त्याची भीती कमी महत्त्वाची वाटायला लागली. तो अभ्यास मनाच्या आजारांबद्दलचा होता, पण पोटाच्या, छातीच्या, गाठीच्या बाबतीत हेच होतं. अपंगत्व आधी दिसतं आणि बाकी सगळं त्याच्या खात्यावर टाकलं जातं.

आता तुमच्या भावाला कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाहीये हां. दात किडलेला असेल, जुनी अॅसिडिटी असेल, बद्धकोष्ठ असेल, पित्ताशयात खडे असतील. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांमध्ये अॅसिड वर येण्याचा त्रास बराच आढळतो आणि ‘छातीत जळजळतंय’ हे सांगता येत नसल्यामुळे तो वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि अन्ननलिकेला सतत अॅसिड लागत राहणं हे तिथल्या कॅन्सरचं एक कारण आहे. पोटातला हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू दुसरा, जिथे खूप लोक एकत्र राहतात अशा संस्थांमध्ये तो जास्त सापडतो, आणि १९९४ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने त्याला पोटाच्या कॅन्सरचं कारण म्हणून जाहीर केलंय. स्वीडनमध्ये लाखो लोकांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये जो अभ्यास आला त्यातही बौद्धिक अपंगत्व असलेल्यांमध्ये अन्ननलिका, पोट, मोठं आतडं इथले कॅन्सर जास्त दिसले. म्हणून त्याच्या बाबतीत तर जास्तच बघायला हवं, आणि होतंय नेमकं उलटं.

पुढच्या वेळी जाताना कागदावर लिहून न्या. वजन किती होतं आणि आता किती आहे तारखेसकट, घट्ट अडकतं की पातळसुद्धा अडकतं, शौच कधी आणि कसं, काळं होतंय का, रात्री उठून बसतो का, पोटावर मारतो ते जेवणाआधी की नंतर. मोबाइलवर जेवतानाचा एक व्हिडिओ काढा, तो दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगेल. आणि डॉक्टरांना शांतपणे एकच विचारा, ‘याला बौद्धिक अपंगत्व नसतं तर तुम्ही कुठल्या तपासण्या सांगितल्या असत्या?’ जे उत्तर येईल तेच लिहून द्या म्हणा. बहुतेक डॉक्टर यावर खरंच थांबून विचार करतात.

हात लावू दिला नाही म्हणून तपासणी संपत नाही. दिवसातली पहिली वेळ मागा म्हणजे ताटकळत बसावं लागणार नाही, ओळखीचं माणूस सोबत ठेवा, सुईच्या जागी आधी बधिर करायचं क्रीम लावता येतं, आणि एंडोस्कोपीसाठी भूल द्यावीच लागली तर त्याच भुलेत रक्त घेणं, पोट नीट चाचपणं, दात बघणं, कान बघणं सगळं उरकून घ्या असं आधीच ठरवा. भूलतज्ज्ञांशी आधी बोलणं झालेलं बरं, फिटच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच. ती शांत राहायची गोळी मनाने बंद करू नका, पण गुंगीत असलेल्या माणसाला घास नीट गिळता येत नाही, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि कुणी म्हणालं ‘यांना दुखणं कळत नाही’ तर ऐकून सोडून द्या. दुखतं सगळ्यांनाच, काहीजण ते शब्दांऐवजी हाताने सांगतात. बुक्क्या मारतोय म्हणजे तो सांगतोच आहे की.

प्रश्न : मुलीला डाउन सिंड्रोम आहे, वय ३६. आम्हाला सांगितलं गेलंय की डाउनवाल्यांना कॅन्सर होत नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीबद्दल विचारलं तर डॉक्टर बाई म्हणाल्या ‘हिला कशाला?’ खरंच नको का?

उत्तर : अर्धं खरं आहे. डाउन सिंड्रोममध्ये स्तनासारखे गाठींचे कॅन्सर बाकीच्यांपेक्षा बरेच कमी होतात हे वेगवेगळ्या देशांत दिसलंय. पण रक्ताचा कॅन्सर लहानपणी कितीतरी पटीने जास्त होतो, पुरुषांमध्ये वृषणाचा जास्त होतो, म्हणजे ‘होत नाही’ हे चूकच. आणि बौद्धिक अपंगत्वाची कारणं ढीगभर असतात, सगळ्यांना एक नियम लागू नाही. न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ नावाचा जनुकीय आजार असलेल्या बाईला स्तनाचा कॅन्सर लवकर होऊ शकतो, पीटेन नावाच्या जनुकात बिघाड असेल तर स्तन, थायरॉइड, गर्भाशय तिन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं. जेनेटिक टेस्ट झाली असेल तर तो रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.

आता ‘हिला कशाला’. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो आणि तो व्हायरस लैंगिक संबंधातून येतो. संबंध कधीच आला नसेल तर धोका खूप कमी, हे डॉक्टर बाईंचं बरोबर आहे. पण त्यांनी मुलीला विचारलं का? की चेहरा बघूनच ठरवलं? मोठ्या बाईला मोठी बाई न समजणं ही यातली खरी गोम आहे. आणि लिहायला जड जातंय पण लिहिते, बौद्धिक अपंगत्व असलेल्या बायकांवर लैंगिक अत्याचार होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि तो बहुतेकदा ओळखीच्याच माणसाकडून होतो, त्यामुळे ‘आमच्याकडे तसं काही नाही’ यावर मी तरी तपासणी सोडणार नाही. इंग्लंडमध्ये ही तपासणी पात्र बायकांमध्ये साधारण चारातल्या तिघींची होत होती तेव्हा बौद्धिक अपंगत्व असलेल्यांमध्ये जेमतेम तिघींतल्या एकीची होत होती. तिथे तर बोलावणं घरी येतं.

करायचं कसं? आधी चित्रं दाखवा, मग एकदा नुसतं जाऊन खोली बघून या, काहीही न करता. सगळ्यात लहान स्पेक्युलम (आतून बघायचं उपकरण) मागा, कुशीवर झोपूनही तपासता येतं, आणि तिने हात वर केला की थांबायचं हे तिच्यासमोरच ठरवा आणि खरंच थांबा. हे जमत नसेल तर एचपीव्हीसाठी स्वतःच स्वॅब घ्यायची टेस्ट असते, जागतिक आरोग्य संघटनेने ती मान्य केलीये, मिळत असेल तर फार सोपं पडतं. तिने समजून नको म्हटलं तर तो तिचा निर्णय, नोंद करा आणि काही महिन्यांनी परत विचारा. मात्र मधल्याच दिवसांत रक्त जातंय, वास येतोय, कंबर दुखतेय असं काही असेल तर ते स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे त्रास नसताना करायच्या तपासणीत, मोडत नाही, तिथे तपासायलाच लागतं. ज्यांच्या घरी लहान मुली आहेत त्यांनी एचपीव्हीची लस विसरू नका, जिथे ती शाळेतून देतात तिथे रोज शाळेत न जाणाऱ्या मुलीचं नाव यादीतून सुटू शकतं.

प्रश्न : ताई ५६ वर्षांची आहे. स्तनात गाठ होती, बायोप्सीत कॅन्सर आला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले हिला केमो झेपणार नाही, सहकार्य करणार नाही, त्यापेक्षा नकोच. माझी सही घेतायत. ताईला कुणीच काही सांगितलेलं नाही, आई म्हणते सांगू नकोस, घाबरेल. काय करू?

उत्तर : सही आज करू नका, आधी ‘झेपणार नाही’ म्हणजे काय ते विचारा. हृदय कमजोर आहे, किडनी नीट नाही, कॅन्सर पसरलाय, अशी कारणं असतील तर ती वैद्यकीय कारणं आहेत आणि ती कुणालाही लागू होतात. ‘सहकार्य करणार नाही’ हे वैद्यकीय कारण नाही, ती सोय करायची गोष्ट आहे. दर वेळी शीर शोधत टोचावं लागू नये म्हणून छातीत कातडीखाली पोर्ट, म्हणजे औषध द्यायची छोटी डबी, बसवता येतो. शेक (रेडिएशन) देताना काही मिनिटंच न हलता पडायचं असतं, त्याची घरी सवय करता येते, मशीन आधी दाखवून आणता येतं. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह आलेत का, म्हणजे गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढतेय का, तेही विचारा, आले असतील तर रोजच्या गोळीचाही मोठा उपयोग असतो. आणि दुसऱ्या कॅन्सरतज्ज्ञांचं मत घ्या. असंही होऊ शकतं की सगळं बघून, त्रास जास्त आणि फायदा कमी असंच निघेल, तसं निघालं तर कमी उपचार हा शहाणपणाचा निर्णय आहे, पण तो बघून घेतलेला असावा. नेदरलँड्समध्ये देशभराच्या नोंदींवरून दिसलं की बौद्धिक अपंगत्व असलेल्यांचा कॅन्सरने मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या साधारण दीडपट आहे. हा फरक असाच तयार होतो, उशिरा सापडलं, मग तपासणी अर्धवट, मग उपचार ‘नकोच’.

आता सांगण्याबद्दल. आईंची भीती मला कळते. पण सुया, पट्ट्या, कुजबुज, सगळ्यांचे रडवेले चेहरे हे ताईंना दिसतंयच, फक्त कारण माहीत नाही, आणि कारण माहीत नसलं की माणूस जास्त घाबरतो. आयरीन टफ्री-वाइने या संशोधिकेने ब्रिटनमध्ये कॅन्सर झालेल्या अशा १३ जणांसोबत बराच काळ घालवला, तिथेही हेच दिसलं की बरेचजण सत्याशिवाय एकटे पडले होते. त्या म्हणतात एका बैठकीत सगळं सांगायचं नसतं, छोटे छोटे तुकडे करायचे, आजच्या दिवसाला लागेल तेवढा तुकडा आज. ‘छातीत गाठ आहे. गाठ वाईट आहे. डॉक्टर काढणार आहेत. तेव्हा तू झोपलेली असशील. मी बाहेर असेन.’ एवढं पुरे. मग ताई काय विचारतात ते बघा. कधी काहीच विचारणार नाहीत आणि चार दिवसांनी भलत्याच वेळी विचारतील, तेव्हा खरं उत्तर द्या. खोटं बोलून नेलंत तर पुढच्या वेळी गाडीत बसणार नाहीत.

संमती कुणाची हे देशोदेशीच्या कायद्यावर आहे, पण अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचं कलम २५ सांगतं की त्यांना इतरांच्याच दर्जाचे उपचार मिळायला हवेत आणि तेही त्यांना माहिती देऊन, त्यांच्या संमतीने. ताईंना केमोची सगळी गणितं कळणार नाहीत, पण गाठ काढायची का, केस गेले तर चालेल का, कोण सोबत हवं, यातलं बरंच कळू शकतं.

केमो सुरू झालीच तर एक लक्षात ठेवा, ‘कणकण वाटतेय’ हे त्या सांगणार नाहीत. थर्मामीटर हाताशी ठेवा, ताप ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन.

प्रश्न : मी निवासी संस्थेत केअरटेकर आहे, २२ जण आहेत. आम्ही काय करू शकतो?

उत्तर : तुमच्याकडे सगळ्यात मोठा प्रॉब्लेम हा की माणसं बदलतात. सकाळच्या शिफ्टला माहीत नसतं की हा माणूस मागच्या वर्षी गाणी म्हणायचा आणि आता म्हणत नाही. म्हणून प्रत्येकाचं एक पान करा, बरा असताना कसा असतो ते लिहिलेलं, काय खातो, कसा झोपतो, दुखलं की काय करतो. हॉस्पिटलला जाताना तेच पान सोबत, कुठे कुठे त्याला हॉस्पिटल पासपोर्ट म्हणतात. महिन्याला वजन, रोजच्या शौचाची नोंद. बद्धकोष्ठ यांच्यात इतकं कॉमन आहे की मोठ्या आतड्याचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असतानाही ‘परत तेच’ म्हणून पोट साफ व्हायच्या औषधावर दिवस काढले जातात, त्यामुळे नेहमीच्या औषधाने पूर्वी मोकळं व्हायचं आणि आता होत नाही, पोट फुगलेलंच राहतं, रक्त दिसतंय, तर डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आंघोळ घालताना मान, काख, छाती, पुरुषांचे वृषण यात नवीन गाठ लागते का ते त्याला सांगून, विचारून बघा, कारण त्या शरीराला रोज हात लागतो तो तुमचाच, आणि काही लागलं तर त्याच दिवशी वहीत तारीख घालून लिहा आणि ज्याच्या हातात अपॉइंटमेंट घेणं आहे त्याची सही त्याखाली घ्या.