अ‍ॅनाकोंडा घेण्याआधी

गंगापूर रोड, नाशिक

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज आला, ‘काका, अ‍ॅनाकोंडापुरते क्रेडिट्स जमले, घेऊनच टाकतो.’ फोनवर दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून बसून लिहितोय. एलिट डेंजरस या अंतराळयानांच्या गेममधलं ते भलंमोठं जहाज एवढ्यात घेऊ नकोस.

आधी पैशाचं. एलिट डेंजरसमध्ये अ‍ॅनाकोंडा मूळच्या साध्या सामानासकट सुमारे १४ कोटी ७० लाख क्रेडिट्सना पडतं, म्हणजे गेममधल्या पैशांना. शील्ड, शस्त्रं, इंजिन मनासारखं बसवायला गेलास की आणखी कोट्यवधी. जहाज फुटलं तर ते परत मिळवायला जहाज आणि सामान मिळून किमतीच्या ५ टक्के रीबाय भरावा लागतो. तुझं लहानसं जहाज, कोब्रा मार्क ३, साडेतीन लाखांचा, तो फुटला तर हळहळशील आणि पुढे जाशील. मी पहिलं अ‍ॅनाकोंडा खिसा झाडून घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी एका चाच्यानं सुपरक्रूझमधून, म्हणजे वेगवान प्रवासातून, ओढून काढून फोडलं आणि रीबायला दमडी नव्हती. पुन्हा सुरुवातीचं छोटं साइडवाइंडर. कित्येक महिन्यांची कमाई एका रात्रीत गेली, त्याचं अजून वाईट वाटतं.

पण खरी काळजी मला तुझ्या हाताची आहे. रविवारी तू कोब्रा घेऊन स्टेशनात शिरत होतास, तेव्हा मी तुझ्या खुर्चीमागे उभा होतो. थ्रॉटल जवळजवळ पूर्ण पुढे. दाराशी पोचल्यावर तुझ्या लक्षात आलं की फिरत्या स्टेशनाच्या दाराची फट तिरकी झालीय, मग घाईनं रोल, म्हणजे जहाज कुशीवर फिरवणं. कोब्रा अंगानं लहान, म्हणून निभावलं. तसंच अ‍ॅनाकोंडा घातलंस तर समोरून बाहेर पडणाऱ्यावर जाऊन आदळशील, आणि वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर असेल तर चूक तुझीच धरतात. दुरूनच सरळ रेषेत ये, हिरवे दिवे उजव्या हाताला ठेव, थ्रॉटल वेगमापकावरच्या निळ्या पट्ट्यात आण. जहाज तिथेच सगळ्यात चपळ वळतं. हे अंगवळणी पडायला लहान जहाजच हवं, कारण ते तुझी चूक लगेच दाखवतं आणि सुधारायला वेळही देतं.

शिवाय तुला आवडणारी आउटपोस्टची, म्हणजे छोट्या स्टेशनांची, कामं जातील. तिथे मोठ्या जहाजाला उतरायला पॅडच नसतं. लासलगावचा कांदा न्यायला ट्रेलर लागतो हे खरं, पण तो ट्रेलर सराफ बाजाराच्या गल्लीत कोण घालेल? मधला टप्पा म्हणून पायथन हे मध्यम जहाज घे. मध्यम पॅडवर उतरतं आणि २५० टनांहून जास्त माल नेतं. माझ्या मते तुझ्या कामाला तेच योग्य.

तू ईव्ह ऑनलाइन या दुसऱ्या अंतराळ-गेमचंही विचारलं होतंस. जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या बी-आर५आरबी या ताऱ्याच्या परिसरातल्या लढाईत ७५ टायटन, म्हणजे तिथली सगळ्यात मोठी जहाजं, नष्ट झाली. पण अगदी जवळून घिरट्या घालणाऱ्या फ्रिगेटवर, म्हणजे छोट्या चपळ जहाजावर, टायटनच्या मोठ्या तोफांचा नेम धरत नाही, म्हणून एवढ्या अजस्र जहाजांनाही सोबतीला लहान जहाजं लागतात. नवख्याला तिथे पहिल्या दिवसापासून काम मिळतं ते फ्रिगेटमुळेच: शत्रूला पकडून ठेवायचं आणि बाकीचे येईपर्यंत तग धरायचा.

दूरच्या शोधमोहिमेवर निघशील तेव्हा अ‍ॅनाकोंडा जरूर घे. त्याची उडी लांब आहे, तुला खूप आवडेल. रीबायचे पैसे मात्र निदान तीनदा भरता येतील एवढे बाजूला ठेव.

येत्या रविवारी ये. फ्लाइट असिस्ट (जहाज आपोआप सावरणारी सोय) बंद करून कोब्रा दहा वेळा आत-बाहेर काढू. हेडफोन तुझा आण, माझ्याकडे एकच आहे. आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
काका