नवीन डिझेलवाल्याला

रोजचं काम म्हापसा बाजार आणि मुलांची शाळा एवढंच असेल, तर डिझेल घेऊच नको. घेतलीच असशील तर डीपीएफला, म्हणजे धुराच्या वाटेवरच्या काजळीच्या फिल्टरला, सांभाळ. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराचे कडक नियम पाळणाऱ्या) डिझेल गाड्यांत तो सर्रास असतो. काजळी अडवतो आणि ६०० अंशांच्या आसपास तापला की जाळतो. पणजीच्या ट्रॅफिकमध्ये तापणार कसा? अधूनमधून हायवेला पत्रादेवीकडे वीसेक मिनिटं सलग चालव, इंजिन २,००० आरपीएमच्या वर ठेवून. उभ्या गाडीचा पंखा घोंघावतोय, आयडलिंगचा आरपीएम वाढलाय, जळका वास येतोय, म्हणजे सफाई चालू आहे. तेव्हा गाडी बंद करू नको. (सुक्या गवतावर तर उभीच करू नको.)

डीपीएफ काढून देतो म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला लांबूनच नमस्कार. वॉरंटीवर पाणी, वर बेकायदा.

कंपनीवर भरवसा? २०१५ मध्ये फोक्सवॅगननेच कबूल केलं, की जगभरातल्या सुमारे १.१ कोटी डिझेल गाड्यांत चाचणीला चकवणारं सॉफ्टवेअर होतं. तेव्हा ब्रोशर बाजूला ठेव, वॉरंटी पुस्तिकेतलं बारीक अक्षर वाच. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की फोटो काढ, तक्रार सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) तुझ्याच शब्दांत लिहून घे आणि प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडू नको.