पदवी पोस्टानं मागवू नका

प्रश्न : लेक शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. झाली. म्हणते, पदवी पोस्टानं मागवते, दीक्षान्त समारंभाला कशाला जायचं? गुऱ्हाळाच्या चुलवाणात (भट्टीत) चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला वाळका ऊस, कमी जळावं, असा आराखडाही तिनं केलाय. त्याचं काय करावं? – एक वडील, कागल तालुका

उत्तर : दादा, जाच. वहिनींनाही न्या. १९६२ मध्ये हे विद्यापीठ स्थापन झालं, त्याआधी आपल्याकडच्या कॉलेजांतल्या पोरांना पदवी पुणे विद्यापीठाची मिळायची. आपल्या मातीतली पदवी लेकीनं व्यासपीठावर घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

आराखडा मात्र आत्ताच कुणाला दाखवू नका. व्हॉट्सॲपवर तर नाहीच! आधी जाहीर झालेल्या कल्पनेला पेटंट मिळणं अवघड होतं. पेटंटसाठी तात्पुरता अर्ज केला, की पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. त्यात एक गळीत हंगाम सहज बसतो. रस आटवायच्या प्रत्येक काहिलीमागं किती चिपाड जळलं, ते वहीत लिहा. २०१६ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानुसार विद्यापीठात नवोपक्रमासाठी स्वतंत्र मंडळ असतं. ही वही घेऊन तिथं लेकीलाच बोलू द्या. नमुना बनवायला कोल्हापूरच्या उद्यमनगरातले कारागीर आहेतच.