काखेतला तारा

प्रश्न : मृग नक्षत्रातील तांबूस ताऱ्याला मराठी पुस्तकांत ‘काक्षी’ म्हटलेले आढळते, तर इंग्रजी नकाशांत ‘बीटलज्यूस’. या इंग्रजी नावाचा अर्थ एका ठिकाणी ‘काख’ असा, तर दुसऱ्या ठिकाणी ‘हात’ असा वाचला. यांतला बरोबर कोणता? आणि ‘काक्षी’ हे आपले जुने नाव आहे काय?

उत्तर : ‘हात’ हाच अर्थ बरोबर आहे. मूळ अरबी नाव ‘यद अल्-जौझा’, म्हणजे जौझाचा हात. जौझा ही जुन्या अरबांनी या तारकासमूहात पाहिलेली स्त्री असून, तिच्या नावाचा संबंध ‘मध्य’ या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. त्याच आकृतीच्या पायाशी असलेल्या ताऱ्याचे ‘रायजेल’ हे नावही ‘रिज्ल’, म्हणजे पाय, या अरबी शब्दावरूनच आले आहे.

मग हाताची काख झाली कशी? अरबी लिपीत शब्दाच्या आरंभी येणारा ‘य’ आणि ‘ब’ यांचा दांडा अगदी एकसारखा असतो. ‘य’खाली दोन टिंबे असतात आणि ‘ब’खाली एक, एवढाच काय तो फरक. मध्ययुगात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे होत असताना कोणाच्या तरी नजरेतून एक टिंब निसटले आणि ‘यद’चा ‘बद’ होऊन ‘बेदलग्यूझ’सारखी रूपे लॅटिन ग्रंथांत रूढ झाली. पुढच्या विद्वानांना या ‘बद’चा अर्थ लागेना, तेव्हा ही चूक उलगडण्याऐवजी त्यांनी काखेसाठी असलेला ‘इब्त’ हा अरबी शब्द मुळाशी असावा असे ठरवून टाकले. तारा आकृतीच्या खांद्यापाशी असल्यामुळे हा तर्क पटण्याजोगाही होता! पाउल कुनित्श या जर्मन अरबीतज्ज्ञाच्या संशोधनामुळे हा घोटाळा स्पष्ट झाला. तरीही आंतरराष्ट्रीय खगोल संघाने २०१६ मध्ये ताऱ्यांची नावे अधिकृत केली, तेव्हा चुकीच्या ‘ब’सकट रूढ झालेले नावच कायम ठेवले. मला ते योग्य वाटते, कारण शतकानुशतके नकाशांत छापले गेलेले नाव एका टिंबासाठी बदलणे कोणाच्याच सोयीचे नव्हते.

‘काक्षी’विषयी मात्र थोडे सावधपणे लिहितो. या शब्दात ‘कक्ष’, म्हणजे काख, उघडच दिसतो. पण आपल्या परंपरेत या ठिकाणी माणूस नाही, हरीण आहे: चार ठळक तारे त्याचे पाय, मधले एका ओळीतले तीन तारे त्याला लागलेला बाण, आणि तो मारणारा व्याध खाली झगझगतो आहे. या चित्रात आपला तारा हरणाच्या एका पायाच्या जागी येतो. तेथे काखेचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे ‘काक्षी’ हे ‘काख’ या पाश्चात्त्य अर्थाचे संस्कृत वळणाने केलेले भाषांतर असावे, असे माझे मत आहे. तसे असेल, तर ते निसटलेले टिंब मराठीतही येऊन पोहोचले म्हणायचे.

जुने नाव हवे असेल तर ते ‘आर्द्रा’. आर्द्रा नक्षत्राचा योगतारा, म्हणजे मुख्य तारा, म्हणून बहुतेक अभ्यासक याच ताऱ्याकडे बोट दाखवतात. आर्द्रा म्हणजे ओली. तिची देवता रुद्र, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर सूर्य या नक्षत्रात येतो तेव्हा पावसाळा लागलेला असतो.