पुरात वाहून गेलेल्या म्हशीची मदत

प्रश्न : ओढ्याच्या पुरात माझी दुभती म्हैस आणि दोन शेळ्या गेल्या. शेळ्या कुंपणात अडकलेल्या सापडल्या, म्हैस नाहीच. सरकारी मदत मिळेल का?

उत्तर : शेळ्या घाईनं पुरू नका. आधी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन आणि तलाठ्याकडून पंचनामा होऊ द्या. तलाठी आले नसतील तर आजच लेखी अर्ज देऊन पोच घ्या. माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. तोंडी सांगितलेलं कुणाच्या दफ्तरात सापडत नाही.

खरी अडचण म्हशीची. मृतदेह नाही, म्हणून ती तुमचीच होती हे कागदानं दाखवावं लागेल. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक शोधा, लसीकरणाच्या नोंदीत तो असतो. डेअरीचं दूधपुस्तक आणि शेजाऱ्यांचे जबाबही जोडा. बिल्ला मारलेलाच नसेल तर मात्र अवघड आहे.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत दुभत्या म्हशीला ३७,५०० रुपये आणि शेळीला ४,००० रुपये आहेत. एवढ्यात तशी म्हैस दावणीला येत नाही, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा! विमा असेल तर कंपनीलाही लगेच कळवा.