पाइनच्या फळ्यांचं छत घरी स्वतः बसवता येतं का?

हो, येतं. नाशिकच्या इंदिरानगरला सगळ्यात वरच्या मजल्यावर तुमचा १२ बाय १४ फुटांचा हॉल आहे आणि सुतार न लावता छताला पाइनच्या फळ्या बसवायच्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. सिडकोतल्या आमच्या घरी मी भावाला हाताशी घेऊन हे काम केलंय. फळ्या बसवणं त्यातलं सगळ्यात सोपं; कस लागतो तो आधीच्या तयारीत.

वरचा मजला म्हणजे पहिली शंका गळतीची. स्लॅबला ओलीचा पुसटसा डाग जरी असेल, तरी आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करा आणि एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. फळ्या लागल्या की वरची ओल दिसत नाही, आणि कळेपर्यंत लाकूड काळं पडलेलं असतं. हातोडीने सगळा स्लॅब ठोकून बघा. जिथे बद्द आवाज येईल तिथलं प्लास्टर सुटलेलं आहे, ते पाडून दुरुस्त करून घ्या.

आता लाकूड. नाशिकची हवा ऑगस्टमध्ये दमट आणि एप्रिलमध्ये ओठ फुटतील इतकी कोरडी. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. भर पावसात बसवलेल्या फळ्यांना उन्हाळ्यात फटी पडतात. मे महिन्यात कचकचून बसवलेल्या फळ्या पावसाळ्यात एकमेकींना रेटतात आणि छताला पोट येतं. म्हणून दिवाळीच्या आसपासचा काळ मला सगळ्यात योग्य वाटतो. वखारीतून आणलेल्या फळ्या त्याच खोलीत, मध्ये बारीक पट्ट्या घालून, आठ-दहा दिवस रचून ठेवा. मग वाळवीचं औषध आणि पॉलिश, आणि तेही मागच्या बाजूला धरून सगळीकडून. एकच बाजू पॉलिश केलेली फळी हमखास वाकते. जुन्या नाशकातल्या वाड्यांची सागवानी तक्तपोशी (फळ्यांचं छत) बघून पाइनकडून तेवढ्या टिकाऊपणाची अपेक्षा धरू नका. पाइन मऊ असतं आणि वाळवीला ते फार आवडतं.

वजन कमी समजू नका. १२ मिमी जाडीचं पाइन चौरस मीटरला साधारण ६ किलो भरतं. तुमचा हॉल १५.६ चौरस मीटर, म्हणजे नव्वद किलोच्या वर, शिवाय फळ्या ज्यावर ठोकायच्या त्या पट्ट्यांच्या सापळ्याचं वजन. माणसांच्या डोक्यावरचं हे ओझं प्लास्टिकच्या गिट्ट्यांवर सोडू नका. धातूचे अँकर फास्टनर घ्या आणि ते प्लास्टर ओलांडून काँक्रीटमध्ये गेले पाहिजेत. ड्रिल मारण्याआधी मेन स्विच बंद करून पंख्याचा बॉक्स उघडा, वायरचे पाइप कोणत्या दिशांना गेलेत ते पाहा, स्लॅबवर खडूने तशा रेषा ओढा आणि तिथून लांब राहा.

सापळ्याला २ बाय १ इंची पट्ट्या, १६-१६ इंचांवर, फळ्यांना काटकोनात. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींवर एकच पातळी आखून घ्या. स्लॅब कधीच सपाट नसतो, जिथे फट राहील तिथे प्लायवूडचे तुकडे सारा.

या फळ्यांच्या एका कडेला खाच असते आणि दुसऱ्या कडेला शेजारच्या फळीच्या खाचेत बसणारी जीभ. पहिल्या फळीची खाच भिंतीकडे, जीभ खोलीकडे. भिंतीपासून चारही बाजूंना ८ ते १० मिमी जागा सोडा. बिनडोक्याचा बारीक खिळा जिभेवर तिरका मारायचा, म्हणजे पुढच्या फळीच्या खाचेत तो झाकला जातो. पुढची फळी बसवताना टाकाऊ फळीचा तुकडा तिच्या जिभेवर अडकवून त्यावर हलके ठोके द्या. खाच नीट बसली की पोकळ आवाज भरीव होतो. तिथे थांबा, आणखी आवळू नका. चार-पाच फळ्या झाल्या की दोन्ही टोकांकडून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा आणि फरक असेल तर पुढच्या फळ्यांत थोडा थोडा भरून काढा. एवढं केलं तर शेवटची फळी तिरकी कापावी लागत नाही.

एकट्याने करू नका. दोन घोड्यांवर फळी टाकून उभं राहायला जागा करा, आणि दुसरं टोक धरायला माणूस किंवा टी आकाराचा टेकू हवाच. पंखा स्लॅबच्या हुकालाच टांगायचा, फक्त लांब रॉड घ्यायचा. कडेची फट झाकणाऱ्या बीडिंगचे खिळे मात्र भिंतीत मारा, फळीत नको, नाहीतर सोडलेल्या जागेचा काही उपयोग राहत नाही.